चोक दिला की चालू, चोक काढला की बंद: दापोलीतल्या एका गाडीचं प्रकरण

कोकणात थंडी नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी पौषातली एक पहाट दापोलीत काढावी. समुद्र जवळ असला तरी गाव आठशेएक फूट उंचीच्या पठारावर आहे. आभाळ मोकळं असलं की रात्री जमीन भराभर निवते आणि कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो. खाली हर्णैला त्याच वेळी हवा चांगलीच उबदार असते. म्हणून दर जानेवारीत माझ्या गॅरेजला एक ठरलेली तक्रार येते: सकाळी गाडी चालू होत नाही. आणि तिच्यासोबत एक ठरलेलं कारणही येतं, थंडी. त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे, कारण त्यात जे सापडलं ते किनाऱ्यावरच्या शेकडो घरांच्या पडवीत आज झाकून ठेवलेलं असणार.

गाडी शंभर सीसीची, किकची, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली, 1994 ला स्प्लेंडर आली, आणि त्या 97.2 सीसीच्या इंजिनाने कोकणातल्या वाड्यावाड्यांत जी जागा मिळवली ती अजून सुटलेली नाही. ही गाडी त्याच घराण्यातली. मालक बोरिवलीला. तो गणपतीत येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंब्याला येतो. मधल्या काळात गाडी पडवीत ताडपत्रीखाली. यंदा त्याच्या चुलतभावाची स्वतःची गाडी विकली गेली, आणि डिसेंबर संपता संपता त्याने ही बाहेर काढली. हा पोरगा वर्तमानपत्रं टाकतो. पहाटे एसटी स्टँडवर गठ्ठे घ्यायचे आणि आसूद, मुरुड, कर्दे करत खाली उतरायचं. त्याला सकाळी उशीर म्हणजे लोकांना शिळा पेपर. त्यामुळे गाडी पहाटे साडेपाचला चालू होणं हा त्याच्या पोटाचा प्रश्न होता.

"दादा, दुपारी दोन किकेत चालू होते. पहाटे मारून मारून पाय भरून येतो. थंडीचा त्रास असंल काय?"

माझ्याकडे येण्याआधी बरंच काही करून झालं होतं. नवा प्लग. ऑइल बदललं. बोरिवलीच्या भावाने फोनवर सांगितलं म्हणून नवी बॅटरीही टाकली. शेवटी रोज रात्री गाडी घरामागच्या घाटीच्या डोक्यावर नेऊन उभी करायची, आणि सकाळी उतारावर सोडून गिअर टाकायचा, असं त्याने सुरू केलं होतं.

बॅटरीचा खर्च वाया गेला होता. या जुन्या गाड्यांत ठिणगीसाठी लागणारा करंट मॅग्नेटोच्या (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) कॉइलमधून थेट सीडीआयला, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या डबीला, मिळतो. बॅटरी पार मेलेली असली, अगदी काढून ठेवली, तरी किक मारून गाडी चालू होते. हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर, ठिणगी नाही. नंतरच्या काही गाड्यांत ठिणगीही बॅटरीवर आली, त्यामुळे लोकांची गल्लत होते, पण आपली गाडी कोणत्या प्रकारची हे विचारल्याशिवाय कोणी बॅटरी विकत घेऊ नये. ऑइलचंही तसंच. 10 डब्ल्यू 30 ऑइल दहा अंशांत किक जड होण्याइतकं घट्ट होत नाही. ती चिंता लडाखात करायची.

मी त्याला एकच गोष्ट विचारली: चालू झाल्यावर चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी दांडी) खाली, म्हणजे बंद, केलास तर काय होतं?

"बंद पडते. रेस धरून ठेवली तर राहते. दहा मिनिटांनी ठीक होते, पण स्लोवर तेव्हाही उभी राहत नाय."

(स्लो म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर इंजिन स्वतःहून सावकाश चालतं ते.) निम्मं निदान त्या उत्तरात होतं. तरी मी गाडी लगेच उघडली नाही. तो ती चालवत आला होता, इंजिन गरम होतं. थंड इंजिनाचा आजार थंड इंजिनावरच बघावा लागतो. गरम गाडीचं कार्बोरेटर खोलून, पुसून, परत बसवून "बघा, एका किकेत झाली" म्हणणारे मेकॅनिक मला माहीत आहेत. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा घाम गाळतं. मी गाडी रात्रभर गॅरेजबाहेर उघड्यावर ठेवून घेतली आणि त्याला पहाटे पेपरच्या वेळेआधी यायला सांगितलं.

पहाटेची तपासणी

सकाळी मी त्याला म्हटलं, रोज करतोस तसंच कर, मी फक्त बघतो. त्याने चोक ओढला, चावी लावली, आणि एक्सलेटर पूर्ण पिळून किक मारायला लागला. दोन-तीन किकांनंतर एक्सलेटर तीनचार वेळा फुरफुर पिळला आणि परत किक.

ही सवय आमच्याकडे घरोघरी आहे, आणि ती गाडी चालू होऊ देत नाही. चोकची पाती कार्बोरेटरचं हवेचं तोंड झाकते. तोंड झाकलेलं असताना इंजिन हवा ओढू बघतं, हवा कमी मिळते, आत ओढ तयार होते, आणि त्या ओढीने पेट्रोल जास्त वर येतं. एवढीच चोकची करामत. स्लोच्या वाटेला जी ओढ लागते ती मात्र एक्सलेटर बंद असेल तरच जोरात मिळते, कारण इंजिनाकडची बारीक भोकं स्लाइडच्या, म्हणजे एक्सलेटर पिळला की वर उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या, खालच्या कडेशी असतात. स्लाइड वर उचलली की तिथली ओढ ढिली पडते. म्हणजे पोरगा एका हाताने चोक देत होता आणि दुसऱ्या हाताने त्याचा निम्मा उपयोग काढून घेत होता. शिवाय किक मारण्याआधी एक्सलेटर पिळून आत पेट्रोल उडत नाही. 1999 च्या सीबीझेड या गाडीच्या कार्बोरेटरला त्यासाठी वेगळा पंप होता. या साध्या कार्बोरेटरला असा पंपच नाही. नुसता पिळल्याने केबल झिजते, बाकी काही होत नाही.

मी एक्सलेटर सोडून किक मारली. बऱ्याच किकांनंतर गाडी एकदा धडपडून उठली, चोकवर अडखळत चालली, आणि चोक अर्धा केला तशी मेली. परत उठली, परत तिथेच मेली.

प्लग काढला. नवा असूनही टोक काजळलेलं. हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी निळी आणि सरळ. गॅप 0.6 ते 0.7 मिलिमीटरमध्ये. ठिणगीचा संशय मिटला. प्लग काळा असल्याचा अर्थ काही जण "पेट्रोल जास्त जातंय" असा लावतात आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलणारा एअर स्क्रू फिरवायला घेतात. इथे पेट्रोल जास्त जात होतं ते फक्त चोक चालू असताना, आणि हा पोरगा दहा-दहा मिनिटं चोकवर गाडी चालवत होता, कारण त्याशिवाय ती चालतच नव्हती. काजळी त्याची. स्क्रूला मी हात लावला नाही.

एअर फिल्टरचं तोंड बघितलं. उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे कुंभारीण माशी मातीचं घर करून बसलेली मी अनेकदा काढली आहे. इथे तसं काही नव्हतं, फिल्टर धुळकट पण मोकळा होता.

मग कार्बोरेटरच्या, पेट्रोल साठतं त्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. हे काम करताना आजूबाजूला शेकोटी नसावी. जानेवारीच्या पहाटे गॅरेजसमोर, घरासमोर हटकून कोणीतरी पालापाचोळा पेटवून बसलेलं असतं आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते. आधी ती विझवायला लावा, मग पाना हातात घ्या.

बाटली उजेडात धरली. पेट्रोल गडद, वास नेहमीचा झणझणीत नाही, आंबूस, पॉलिशसारखा. आणि तळाला वेगळा थर, हलवला तर गोळ्या होऊन सरकणारा. टाकीतूनही काढून बघितलं, तिथेही तळाला तेच, सोबत गंजाची भुकटी.

गणपतीचं पेट्रोल पौषात

इथे थोडं थांबून सांगतो, कारण हेच या प्रकरणाचं मूळ आहे.

पेट्रोल ही एकच एक वस्तू नाही. त्यात हलके भाग असतात, जड भाग असतात. हलके भाग अगदी कमी उष्णतेतही वाफ होऊन उडतात, आणि थंड इंजिन पेटतं ते या वाफेवर. पातळ पेट्रोल पेटत नाही, वाफ पेटते. इंजिन गार, हवा गार, नळीची भिंत गार असताना आत आलेल्या पेट्रोलपैकी थोड्याचीच वाफ होते, बाकीचं भिंतीला चिकटून राहतं. म्हणून तर चोक देऊन जास्त पेट्रोल आत घ्यावं लागतं, म्हणजे त्यातला वाफ होणारा वाटा तरी पुरेसा होईल.

आता हे पेट्रोल गौरी-गणपतीला भरलेलं. त्यानंतर ऑक्टोबरचा उन्हाळा त्याने अर्ध्या टाकीत काढला. त्या चार महिन्यांत सगळ्यात आधी गेले ते हलके भाग. राहिलं ते जड पेट्रोल, आणि इथेनॉल.

2023 च्या फेब्रुवारीपासून पंपांवर ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते. साधारण 13 अंशांच्या खाली नुसत्या इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफच होत नाही. ताज्या ई-20 मध्ये पेट्रोलचे हलके भाग ही उणीव भरून काढतात आणि गाडी चालू होते. शिळ्या ई-20 मध्ये ते हलके भाग उरलेले नसतात. दुपारी तीस अंशांत दोन किकेत उठणारी गाडी पहाटे दहा अंशांत का उठत नाही, त्याचा अर्धा उलगडा इथे आहे.

दुसरी गोष्ट हवेची. नुसत्या पेट्रोलला नीट जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. त्यामुळे आधीच्या काळातल्या पेट्रोलसाठी बेतलेल्या जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून) ई-20 गेलं की मिश्रण आपोआप थोडं फिकं पडतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नियम आल्यावर बहुतेक मोटरसायकली इंजेक्शनच्या झाल्या, त्यांचे सेन्सर हा हिशेब जमवून घेतात. कार्बोरेटरला हिशेब येत नाही. भोक जेवढं तेवढंच पेट्रोल.

तिसरी पाण्याची. इथेनॉल ओलावा ओढतं. एका मर्यादेपर्यंत पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं, मर्यादा ओलांडली किंवा गारठा पडला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. किनाऱ्यावर अर्धी टाकी म्हणजे अर्धी दमट हवा. पण एवढं पाणी नुसत्या हवेतून आलं असं मला वाटत नाही. टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं होतं, आणि गणपतीत ही गाडी पावसात भरपूर फिरली होती. पाणी मुख्यतः तिथून शिरलं असणार. रबर बदललं.

आता कार्बोरेटर. वाटी काढली तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, पितळेवर हिरवट थर. स्लो जेट काढून उजेडाकडे धरला. निरोगी जेटमधून सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसतो. यातून काहीच दिसलं नाही. हे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. पेट्रोल आटून राहिलेली राळ त्यात एकदा बसली की पुरे. मेन जेट मात्र मोकळा होता.

आता पोराची प्रत्येक तक्रार या एका बंद भोकावर लावून बघा. एक्सलेटर बंद असताना पेट्रोल यायचं ते स्लो जेटमधून. ते बंद, म्हणून स्लोवर गाडी उभी राहत नाही. रेस धरली की स्लाइड आणि सुई वर उचलली जाते, मेन जेटकडून पेट्रोल येतं, गाडी चालते. चोक दिला की तोंडावरची ओढ इतकी वाढते की स्लाइड खाली असूनही मेनच्या वाटेने पेट्रोल वर येतं, गाडी कशीबशी उठते. चोक काढला की ती ओढ जाते आणि मागे काहीच उरत नाही. उतारावर सोडून गिअर टाकला की इंजिन किकेपेक्षा कितीतरी जोरात आणि सलग फिरतं, ओढ जास्त मिळते, म्हणून घाटीवर गाडी व्हायची. घाटीने आजार झाकला होता. तसाच तो गरम पाणी कार्बोरेटरवर ओतून झाकता येतो, आणि प्लगच्या भोकातून पेट्रोल टाकूनही झाकता येतो. यातलं शेवटचं कोणी करू नये. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं, आणि भडका उडून हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

जेट क्लीनर स्प्रेत भिजवला, कंप्रेसरची हवा मारली, परत भिजवला. तार घातली नाही. तारेने भोक अर्ध्या मिनिटात मोकळं होतं आणि कायमचं मोठं होतं. मग पितळेला ओरखडे पडलेला तो जेट कितीही स्क्रू फिरवला तरी ताळ्यावर येत नाही. नुसता जेट साफ करूनही भागत नाही. तो जिथे बसतो तिथपासून स्लाइडच्या कडेच्या भोकांपर्यंतची वाट हवा मारून मोकळी झाली पाहिजे. एका भोकावर बोट ठेवून दुसऱ्यातून फवारा येतो का बघायचं. टाकी रिकामी केली, ताज्या पेट्रोलने खळबळवली, कॉकची, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची, जाळी धुतली.

तरीही एक गोष्ट उरली होती

गाडी परत रात्रभर बाहेर ठेवली. पहाटे चालू झाली, चोक काढल्यावर स्लोवर शांत उभी राहिली. पोराचा चेहरा खुलला. पण किका अजून जास्त लागत होत्या. ताजं पेट्रोल, मोकळा जेट, चांगली ठिणगी असताना दोन-तीनच्या वर लागायला नकोत.

फिल्टरचा पाइप काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारला आणि चोकची दांडी ओढली. पाती फिरली पण पूर्ण मिटली नाही, चांगली फट राहिली. दांडी बाहेरून पूर्ण वर आलेली दिसत होती. खाऱ्या हवेत तिची कडी गंजून जाम झाली होती आणि दांडीने जेवढं दाखवलं तेवढी पाती फिरत नव्हती. दुपारी ही फट जाणवत नाही, पहाटे तिच्यातून ओढ निसटते. कडी काढून साफ केली, तेल दिलं, पाती पूर्ण मिटते हे डोळ्यांनी बघितलं. चोक तपासायचा तो दांडीकडे बघून तपासू नये, तोंडात उजेड टाकून पातीच बघावी. गाडी उभी राहिलेली असेल तर किनाऱ्यावर हे हमखास बघण्यासारखं आहे.

पुढच्या पहाटे दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली.

मग त्याला पद्धत शिकवली. रात्री बंद केलेला कॉक उघडायचा आणि वाटी भरायला अर्धा मिनिट द्यायचा. चावी बंद ठेवून, चोक पूर्ण देऊन, दोन-तीन किका सावकाश मारायच्या, म्हणजे मिश्रण आत जातं. मग चावी लावून, एक्सलेटरला हात न लावता, खालपर्यंत पूर्ण किक. अर्धवट, घाईच्या किकांनी मॅग्नेटो नीट फिरत नाही. चालू झाली की चोक अर्धा, आणि मिनिटभरात पूर्ण बंद. इंजिन पूर्ण गरम व्हायची वाट बघत चोकवर ठेवलं तर जादा पेट्रोल सिलिंडर धुतं, ऑइल पातळ करतं, प्लग परत काजळतो. त्याऐवजी निघायचं आणि पहिला किलोमीटर रेस न देता हळू जायचं. आणि किका मारून मारून पेट्रोलचा वास यायला लागला असेल, तर आणखी चोक देणं थांबवायचं. कॉक बंद, चोक बंद, एक्सलेटर पूर्ण उघडा धरून सात-आठ किका. पूर्ण पिळलेला एक्सलेटर कामाचा असतो तो इथे.

बोरिवलीच्या भावाशीही बोललो, कारण शिमग्यानंतर गाडी परत पडवीतच जाणार होती. तो म्हणाला, "दादा, शेजारच्यांना सांगून आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करून ठेवली तर?" मी नको म्हटलं. दोन मिनिटांत इंजिन तापत नाही; जळताना झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये तसंच राहतं आणि आतून गंज धरतो. चालवायची तर पंधरवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर हातच लावू नका. जाताना कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रूने वाटीतला शेवटचा थेंबही काढा. वाटीत पेट्रोल राहिलं नाही तर जेटमध्ये राळ धरत नाही, एवढं एक काम केलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. टाकीचं दोन प्रकारे करता येतं. दोन-तीन महिन्यांत परत येणार असाल तर काठोकाठ भरून जा, म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही. मेपासून थेट गणपतीपर्यंत, सगळा पावसाळा उभी राहणार असेल तर माझं मत टाकी रिकामी करून, आत थोडं ऑइल फिरवून ठेवण्याचं आहे. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, आणि जवळपास सगळे अर्धीच ठेवून जातात.

काढलेलं शिळं पेट्रोल त्याला माडांच्या आळ्यात ओतायचं होतं. विहीर दहा पावलांवर होती. ते मी ठेवून घेतलं.

गाडीत एक काम शिल्लक आहे. वाटीतल्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) सुईचं रबरी टोक फुगलंय. कॉक उघडा राहिला तर ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब गळतं. सुई चिपळूणहून मागवली आहे. ती येईपर्यंत रोज रात्री कॉक बंद करायचा, हे त्याला बजावून सांगितलं आहे.